‘अ चर्च निअर यू’: वाढत्या अँग्लिकन मंडळीच्या संपर्ककामाला कितपत उपयोगी?

इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे, धर्मप्रांत ४२ आणि चर्चच्या इमारती सुमारे १६,०००. या प्रत्येक चर्चच्या नावाने ‘अ चर्च निअर यू’ या संकेतस्थळावर एक पान आहे. मंडळीने ते कधी उघडलेलं असो वा नसो, पान असतंच, आणि बाहेरचा माणूस पोस्टकोड टाकून तिथे पोहोचतोच. हे परीक्षण त्या सेवेचं आहे. पण ते लिहिलंय वाढत्या मंडळीत संपर्काचं काम ज्याच्याकडे आलंय त्याच्यासाठी, मग तो पगारी असो की आठवड्याचे चार तास देणारा स्वयंसेवक.

मत आधीच सांगून टाकतो. सेवा मोफत आहे, भरवशाची आहे, आणि मंडळीकडे दुसरं काहीच नसेल तर सुरुवात इथूनच करावी. मात्र पान आपोआप खरं राहत नाही. ते खरं ठेवायला दर आठवड्याला एका माणसाची अर्धा-पाऊण तासाची बैठक लागते. ती नसेल तर हेच पान मंडळीचं नुकसान करतं, कारण चुकीची वेळ वाचून बंद दारापाशी येऊन परत गेलेला माणूस तक्रार करत नाही, तो फक्त पुन्हा येत नाही.

संपर्काच्या कामाच्या दोन बाजू असतात. एक आतली: सभासदांना पत्रक, ईमेल, कोणाची पाळी कधी, कोण आजारी आहे. दुसरी बाहेरची: ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्याच्यासाठी. बऱ्याच मंडळ्यांत सगळी शक्ती आतल्या बाजूला जाते, कारण सभासद समोर उभा राहून विचारतो आणि बाहेरचा माणूस दिसतच नाही. मंडळी वाढते ती मात्र बाहेरून. नवीन घर घेऊन आलेलं कुटुंब, बाळाचा बाप्तिस्मा करायचा असलेले आईवडील, लग्नाची तारीख शोधणारं जोडपं, नाताळच्या आदल्या संध्याकाळी मुलांना घेऊन कुठे जावं हे पाहणारी आजी. ‘अ चर्च निअर यू’ फक्त या लोकांसाठी आहे आणि ते काम नीट करतं. सभासदांशी बोलायला ते वापरू गेलात तर निराशाच होईल. त्यासाठी ईमेल-यादी किंवा सभासदांची नोंद ठेवणारी चर्चसूटसारखी प्रणाली लागते.

सुरुवात अशी करायची. संकेतस्थळावर खातं उघडायचं, आपलं चर्च शोधायचं आणि संपादनाचा हक्क मागायचा. मंजुरी आधीचा संपादक किंवा धर्मप्रांताचं कार्यालय देतं. पहिली अडचण बहुतेक वेळा इथेच येते: आधीचा संपादक तीन वर्षांपूर्वी गाव सोडून गेलेला असतो आणि विनंती त्याच्या जुन्या ईमेलवर पडून राहते. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर थेट धर्मप्रांताच्या संपर्क विभागाला लिहावं, तिथे हे रोजचंच आहे. हक्क मिळाला की लगेच दुसरा संपादकही नेमावा. एकाच माणसाच्या हाती किल्ली ठेवली की तो सुटीवर गेल्यावर ईस्टरची वेळ बदलायला कोणी उरत नाही.

संपर्काचा पत्ता भरताना पाळकाचा खासगी ईमेल देऊ नका. कार्यालयाच्या नावाने एक पत्ता काढा आणि तो दोघांकडे पोहोचेल असं करा. व्हिकर, म्हणजे चर्चचा पाळक, बदलून गेला की नवा येईपर्यंत कित्येक महिने जागा रिकामी राहू शकते. त्या काळात कारभार चर्चवॉर्डन (मंडळीने निवडलेले पदाधिकारी) पाहतात, पण पानावर नाव जुन्या व्हिकरचं असतं आणि बाप्तिस्म्याची विचारपूस त्याच्या बंद खात्यात जाऊन पडते. पत्ता पदाचा असला की हा प्रश्नच उरत नाही.

नकाशावरची खूण हाताने तपासावी लागते. खेड्यात एक पोस्टकोड बराच मोठा भाग व्यापतो, त्यामुळे खूण कधी शेतात पडते, कधी व्हिकरच्या घरावर, कधी चर्चच्या मागच्या बंद गल्लीत. ती मुख्य दारावर आणून ठेवा आणि मजकुरात एक ओळ घाला: गाडी कुठे लावायची, कोणत्या दाराने आत यायचं, पायऱ्या आहेत का. चाकाच्या खुर्चीसाठी वेगळं दार असेल तर ते रविवारी कधी उघडतं हेही लिहा. स्वच्छतागृह आहे की नाही हे लिहायला संकोच वाटतो, पण लहान मुलांचे पालक आणि वयस्क माणसं सर्वांत आधी तेच पाहतात. मध्ययुगीन इमारत असलेल्या अनेक चर्चमध्ये ते नसतंच. नसेल तर तसं लिहा आणि जवळचं कुठे आहे तेही सांगा. हिअरिंग लूप (श्रवणयंत्रात थेट आवाज पोहोचवणारी सोय) आहे अशी खूण करण्याआधी तो चालतो का ते श्रवणयंत्र वापरणाऱ्या सभासदाकडून तपासून घ्या. कागदावर असलेला आणि प्रत्यक्षात बंद पडलेला लूप फार ठिकाणी सापडतो.

या सेवेचा खरा गाभा म्हणजे उपासनांचं वेळापत्रक. सगळ्यांत जास्त गफलतीही तिथेच होतात. संपादकाला एक उपासना भरून ‘दर रविवारी’ असं लावून टाकण्याचा मोह होतो. एकच चर्च आणि एकच वेळ असेल तर ते चालतं. पण ग्रामीण भागात एका व्हिकरकडे पाच-सहा चर्च असतात: पहिल्या रविवारी इथे प्रभुभोजन, दुसऱ्या रविवारी तिथे, आणि पाचवा रविवार आला की सगळ्यांची एकत्र उपासना एकाच ठिकाणी. पाचवा रविवार वर्षातून बहुधा चारदा येतो. त्या दिवशी बाकीची चर्च बंद असतात आणि पान मात्र दहा वाजता उपासना आहे असं सांगत राहतं. म्हणून अशा ठिकाणी ‘पहिला रविवार’, ‘तिसरा रविवार’ अशा वेगवेगळ्या नोंदी कराव्यात आणि पाचवे रविवार वर्षाच्या सुरुवातीलाच हाताने भरून टाकावेत.

काही तारखा तर दरवर्षी हमखास फसवतात. नोव्हेंबरचा दुसरा रविवार रिमेंबरन्स संडे, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस, असतो. अकरा वाजता दोन मिनिटांची स्तब्धता असल्यामुळे नेहमीची दहाची उपासना पावणेअकराच्या सुमारास सुरू होते, किंवा सगळी मंडळी गावच्या युद्धस्मारकापाशी जमते. नेहमीची नोंद बदलली नाही तर नवा माणूस पाऊण तास आधी येऊन रिकाम्या बाकावर बसतो. घड्याळं बदलतात तीही रविवारीच: मार्चच्या शेवटच्या रविवारी तास पुढे, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे. याची आठवण गुरुवारच्या ईमेलमध्ये द्यायची असते. शनिवारी रात्री दिलेली आठवण कोणी वाचत नाही. शिवाय ज्या चर्चमध्ये गरम करण्याची सोय तोकडी आहे तिथे हिवाळ्यात इव्हनसाँग ही सायंकाळची उपासना साडेसहाऐवजी दुपारी चारला घेतात. ही बदललेली वेळ बाहेरच्या सूचनाफलकावर लागते आणि संकेतस्थळावर राहून जाते.

उपासनेच्या नावाखाली वर्णनाची जागा आहे. ती रिकामी सोडू नये. ‘पॅरिश युकरिस्ट’, ‘बीसीपी ८ वाजता’, ‘चोरल मॅटिन्स’ ही नावं सभासदाला पुरतात, बाहेरच्याला त्यातून काहीच कळत नाही. तीन ओळी पुरेत. किती वेळ चालते, साधारण पासष्ट मिनिटं. गाणी असतात का आणि कशावर, ऑर्गन की बँड. मुलं कुठे असतात, शेवटपर्यंत आपल्यासोबत की मध्येच संडे स्कूलला जातात. नंतर चहा असेल तर तेही. बाप्तिस्मा न झालेल्याने प्रभुभोजनाच्या वेळी काय करायचं, पुढे येऊन आशीर्वाद घेता येतो की बसून राहिलं तरी चालतं, हे लिहिलेलं पान फार थोड्या ठिकाणी दिसतं. त्याची भीती मात्र नव्या माणसाच्या मनात सर्वांत मोठी असते.

छायाचित्रांबाबत एक ठाम मत आहे. रिकाम्या चर्चचं, खिडकीतून ऊन पडलेलं सुंदर छायाचित्र पहिलं लावू नये. पाहणाऱ्याला ते वास्तूचं वाटतं, मंडळीचं नाही. माणसं असलेलं छायाचित्र लावा, पण परवानगी घेऊन. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती हवी, छायाचित्राखाली मुलाचं नाव नको, आणि ते कुठे कुठे वापरणार हे संमतीपत्रावर स्पष्ट हवं. ‘आमच्या चर्चसाठी’ एवढ्यावर घेतलेल्या संमतीच्या जोरावर फेसबुकवर टाकता येत नाही. दत्तक गेलेल्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने संरक्षणात असलेल्या मुलाचं ठिकाण एका छायाचित्रामुळे उघड होऊ शकतं. म्हणून टिपण्याआधी मुलांच्या सुरक्षिततेचं काम पाहणाऱ्या सेफगार्डिंग अधिकाऱ्याशी बोलणं हा कामाचाच भाग आहे. त्या अधिकाऱ्याशी संपर्क कसा साधायचा हे पानावर सहज दिसलं पाहिजे. दोन-तीन टिचक्या मारून शोधावं लागत असेल तर ते दिसत नाही असंच समजा.

नाताळ ही या सेवेची खरी परीक्षा. राष्ट्रीय पातळीवर चर्च ऑफ इंग्लंड दरवर्षी नाताळची मोहीम चालवतं. २०१८ला ‘फॉलो द स्टार’ होती, २०२०च्या महामारीत ‘कम्फर्ट अँड जॉय’, २०२४ला ‘काम अँड ब्राइट’ (Calm and Bright). या सगळ्या मोहिमांतून लोकांना पाठवलं जातं ते ‘अ चर्च निअर यू’वरच. मे २०१८मध्ये अॅमेझॉनच्या अॅलेक्सा या बोलत्या सहायकासाठी आलेल्या सुविधेतही जवळचं चर्च विचारण्याची सोय होती. म्हणजे आपल्या मंडळीच्या कॅरल उपासनेची जाहिरात राष्ट्रीय खर्चाने होत असते. आपल्याकडून फक्त ती नोंद वेळेत व्हायला हवी. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत सगळ्या नाताळ-उपासना भरलेल्या असाव्यात. क्रिब सर्व्हिस (गव्हाणीच्या देखाव्याभोवतीची मुलांची उपासना), क्रिस्टिंगल (संत्र्यात मेणबत्ती लावून होणारी उपासना) आणि मध्यरात्रीचं प्रभुभोजन या तिन्हींना वेगळी नोंद, वेगळी वेळ आणि कोणत्या वयाला कोणती योग्य याची एक ओळ. २५ डिसेंबर कोणत्याही वारी येतो, त्यामुळे नेहमीची रविवारची नोंद तिथे उपयोगाची नाही. तो दिवस रविवारच असेल तर जुनी नोंद आणि नवी नोंद दोन्ही दिसतात. जुनी त्या दिवसापुरती काढून टाका.

संपादकांसाठी याच सेवेत साहित्याचं एक भांडार आहे: सणांसाठी चित्रं, छापायचे नमुने, समाजमाध्यमांसाठी तयार मजकूर. ऑर्गनवादक नसलेल्या छोट्या मंडळ्यांसाठी ध्वनिमुद्रित भजनंही चर्च ऑफ इंग्लंडने मोफत दिली आहेत. दर्जा चांगला आहे. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, तयार नमुना जसाच्या तसा छापला की शेजारच्या चार मंडळ्यांची पत्रकं एकसारखी दिसतात, म्हणून त्यात आपल्या चर्चचं छायाचित्र आणि रस्त्याचं नाव मोठ्या अक्षरात घाला. दुसरी, ध्वनिमुद्रण मोफत मिळालं म्हणून परवाना सुटत नाही. हक्क शिल्लक असलेल्या गाण्याचे शब्द पडद्यावर दाखवायला सीसीएलआय या गाण्यांचे परवाने देणाऱ्या संस्थेचा एक परवाना लागतो आणि उपासना इंटरनेटवर थेट दाखवायला दुसरा. परवाना क्रमांक शब्दांसोबत पडद्यावर दिसायला हवा.

लग्नाच्या बाबतीत ही सेवा अनपेक्षितपणे उपयोगी पडते. घराच्या पत्त्यावरून आपण कोणत्या पॅरिशमध्ये (एका चर्चच्या हद्दीत) राहतो हे ती दाखवते, आणि इंग्लंडमध्ये ही बाब कायद्याची आहे. बॅन्स, म्हणजे लग्नाची जाहीर घोषणा, वधू आणि वर दोघांच्या पॅरिशमध्ये आणि लग्न होणाऱ्या चर्चमध्ये तीन रविवार वाचावी लागते, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आत लग्न व्हावं लागतं. इथे संपर्काच्या माणसाने पानावर एक ओळ अवश्य घालावी: दोघांपैकी एकाकडे जरी भारतीय पारपत्र असेल, तर सर्वसाधारणपणे बॅन्सवर लग्न लागत नाही. नोंदणी कार्यालयात सूचना देऊन सुपरिंटेंडंट रजिस्ट्रारकडून ‘मॅरेज शेड्यूल’ हा लग्नाचा दस्तऐवज घ्यावा लागतो. सूचनेची मुदत किमान २८ दिवसांची असते, आणि ती वाढवलीही जाऊ शकते. ही एक ओळ नसल्यामुळे सभागृह आणि विमानाची तिकिटं घेऊन बसलेल्या जोडप्याला तारीख पुढे ढकलावी लागते.

आता उणिवा. पानाची मांडणी ठरलेली आहे, त्यात फारसा बदल करता येत नाही. सगळी चर्च सारखी दिसतात. ज्या मंडळीत कार्यक्रम भरपूर आहेत तिला स्वतःचं संकेतस्थळ लागणारच. आणि ते झालं की एकच माहिती दोन ठिकाणी ठेवावी लागते. आमचा आग्रह असा की नोंद आधी ‘अ चर्च निअर यू’वर करावी आणि त्याच बैठकीत स्वतःच्या संकेतस्थळावर व गूगलच्या बिझनेस प्रोफाइलवर उतरवावी. ‘बाकीचं उद्या करू’ असं म्हटलं की ते राहतंच. गूगल विसरू नका, कारण अनेक जण चर्च शोधायला सरळ नकाशाच उघडतात. तिथे उघडण्याची वेळ फक्त रविवारी दहा ते अकरा अशी टाकली तर बाकी आठवडाभर चर्चच्या नावाखाली लाल अक्षरात ‘बंद’ दिसतं. दिवसा प्रार्थनेसाठी दार उघडं असेल तर ते तास भरा आणि सणाच्या वेळा ‘विशेष तास’ म्हणून वेगळ्या द्या. दुसरी उणीव अशी की पॅरिश एकत्र झाल्या किंवा चर्च बंद झालं तरी जुन्या नोंदी काही काळ रेंगाळतात. त्या धर्मप्रांताकडूनच काढून घ्याव्या लागतात.

तिसरी मर्यादा सेवेची म्हणण्यापेक्षा तिच्या पलीकडच्या कामाची आहे: पान माणसाला दारापर्यंत आणतं, पुढचं काही करत नाही. रविवारी बाकावर एक छोटं कार्ड ठेवावं. त्यावर नाव, ईमेल किंवा फोन, आणि खूण करायला तीन चौकोन: साप्ताहिक ईमेल हवा, कोणी फोन करावा, प्रार्थना हवी. यापेक्षा जास्त विचारलं तर कार्ड कोरंच परत येतं. क्यूआर कोडही छापा, पण पेनही ठेवा. भरलेल्या कार्डाला सोमवारी संध्याकाळपर्यंत माणसाने लिहिलेलं उत्तर जावं. ईमेलची संमती वेगळी घ्या. माहिती-संरक्षणाच्या कायद्यानुसार ती कशासाठी दिली आहे हे नोंदवावं लागतं आणि नको झालं तर थांबवण्याचा मार्ग प्रत्येक ईमेलमध्ये द्यावा लागतो. शंभर जणांना पाठवताना सगळ्यांचे पत्ते उघडे पडणं ही चर्च कार्यालयांतली नेहमीची चूक. म्हणून साध्या मेलपेटीतून न पाठवता यादी सांभाळणारी सेवा वापरा. व्हॉट्सअॅप गटातही प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, हे नव्या माणसाला गटात घेण्याआधी सांगायला हवं.

महाराष्ट्रातून इंग्लंडला गेलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या सभासदांनी ही सेवा जरूर वापरावी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. त्यात अँग्लिकन चर्चही होतं, आणि हे एकत्रित चर्च आज जगभरच्या अँग्लिकन परिवाराचा भाग आहे. त्यामुळे पुणे, नाशिक किंवा मुंबईच्या मंडळीतून गेलेल्या माणसाला तिथे पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. सोळा वर्षांवरच्या, बाप्तिस्मा झालेल्या आणि पॅरिशमध्ये राहणाऱ्या माणसाला मंडळीच्या इलेक्टोरल रोलमध्ये, म्हणजे मतदार यादीत, नाव घालता येतं. पॅरिशबाहेर राहत असल्यास आधी सहा महिने नियमित उपासनेला जावं लागतं. नाव असलं की वार्षिक सभेत मत देता येतं. फॉर्म कुठे मिळतो आणि कोणाला द्यायचा हे इंग्लंडमधल्या मंडळीने आपल्या पानावर लिहून ठेवावं, कारण बाहेरून आलेला सभासद हे स्वतःहून विचारत नाही.

आपल्याकडच्या मराठी मंडळ्यांनाही यातून घेण्यासारखं आहे, आणि त्यासाठी इंग्लंडच्या संकेतस्थळाची गरज नाही. गूगलच्या मोफत नोंदीत मराठी उपासना किती वाजता, इंग्रजी किती वाजता, प्रभुभोजन कोणत्या रविवारी, संडे स्कूल कोणत्या खोलीत आणि कार्यालयाचा नंबर एवढं देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन्हीकडे भरायचं. कारण शोधणारा कधी मराठीत टाइप करतो, कधी इंग्रजीत. पावसाळ्यात उपासना हॉलमध्ये हलवली जात असेल तर जूनच्या पहिल्या रविवारआधी नोंद बदला. दोन माणसांना हक्क द्या, आणि पाळक-मंडळाच्या मासिक सभेच्या कामकाजात ‘वेळा तपासल्या का’ हा विषय कायमचा लावून टाका.